पत्त्याचा रकाना

तनया, परवा फोनवर तू म्हणालीस की तुझे प्रवेशाचे तीन अर्ज जेवणाआधी भरून झाले आणि चौथा जेवता जेवता भरला. मी 'छान' म्हटलं, फोन ठेवला आणि उगाचच स्वयंपाकघरातले डबे पुसायला काढले. मन जागेवर नसलं की मी डबे पुसते, हे तुझ्या आईला माहीत आहे. मीही एकदा असा अर्ज केला होता. एकच केला, आणि तो पुरा व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. तू आणि चिन्मयने मला निवृत्त झालेलीच पाहिलंय. आजी रोग्यांच्या आकड्यांवरून औषध लागू पडतंय की नाही ते ठरवायची, एवढंच तुम्ही मित्रमैत्रिणींना सांगता, आणि ते बरोबरच आहे. पण त्या कामाच्या दारापर्यंत मी कशी गेले ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ते आता लिहून ठेवते.

तेव्हा मी सांगलीला विश्रामबागेत आत्याकडे राहून बी.एस्सी. करत होते. आई आणि अप्पा साताऱ्याला. अप्पा तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आत्याचे यजमान डॉक्टर. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी त्यांना डॉक्टरमामा म्हणायची. खालच्या मजल्यावर त्यांचं प्रसूतिगृह आणि वर आमचं राहणं. सकाळी सगळ्यात आधी ऐकू यायचा तो उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींवर आपटल्याचा आवाज. मग बादल्या, मग फिनेलचा वास, मग कुणाच्या तरी सासूचं आणि आईचं दबक्या आवाजातलं भांडण. मधूनच सगळं गप्प व्हायचं. मी पुस्तकातून मान वर करायची, आत्याचा पोळपाटावरचा हात थांबायचा, आणि खालून पहिलं रडणं ऐकू आलं की आत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ मोठ्याने म्हणायची आणि लाटणं पुन्हा चालू करायची. ती वेळ नंतर खाली जाऊन तीच रजिस्टरात लिहायची. रजिस्टर तिच्या ताब्यात होतं.

आम्ही जैन. वरच्या मजल्यावर कांदा, लसूण, बटाटा काही नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. ज्वारीची भाकरी, मटकीची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. खाली मात्र बाळंतिणींची माणसं डबे उघडून बसायची आणि लसणीच्या फोडणीचा वास जिन्यावरून वर यायचा. आत्या नाकाला पदर लावून म्हणायची, "आलं बघ तुझं पंचपक्वान्न." तो वास मला आवडायचा, हे मी तिला कधी सांगितलं नाही. जेवण उजेडातच आटपत असल्यामुळे आमच्याकडची संध्याकाळ फार लांब असायची. भांडी घासून होत, आत्या जप करायला बसे, आणि मला काय करावं ते कळत नसे. मी गच्चीत फेऱ्या मारायची. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत किती पावलं, आणि तिरकं गेलं तर किती, हे मला पाठ झालं होतं. पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं आणि पुढे काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. मला ते नको होतं, आणि नको म्हणायला हातात दुसरं काही नव्हतं.

ते दुसरं काहीतरी आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी दिलं. दूर दक्षिणेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बायोस्टॅटिस्टिक्स या विषयाचा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम होता. सरांनी त्याचा छापील अर्ज मागवून घेतला आणि माझ्या हातात ठेवला. घरी मी विषयाचं नाव सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे ते गोबरगॅसचं का गं?" डॉक्टरमामा हसून हसून खोकायला लागले. मी समजावलं की आजार, जन्म, मृत्यू, औषधं यांचे आकडे मांडायचे आणि त्यातून खरं काय ते काढायचं. खालच्या एका पेशंटचे सासरे हे जिन्यात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "आकडं लावती व्हय पोरगी? डाक्टरांच्या घरात राहून?" पुढे महिनाभर त्या घरात मी मटकेवाली होते.

अप्पा साताऱ्याहून आले, अर्ज वाचला, त्याचा कागद बोटांनी तपासला आणि म्हणाले, "एक अर्ज. एकदाच. झालं तर जा. नाही झालं तर साताऱ्याला येऊन बी.एड., आणि मग पुढचं आम्ही बघू." पुढचं म्हणजे काय ते विचारायची गरज नव्हती. त्यांच्या खिशात तेव्हाही एका मुलाची पत्रिका होती. अप्पा वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. मुलीला एक संधी द्यायची म्हणजे खरोखर एक द्यायची, असं मानणारे ते होते, आणि त्यांच्या भावांनी तर तीही दिली नव्हती.

अर्जासोबत एक निबंध मागितला होता. आपल्या भोवतालची काही माहिती गोळा करा, मांडा, आणि तिच्यावरून काय दिसतं ते लिहा. मी मामांना विचारलं. त्यांनी आत्याची दोन वर्षांची रजिस्टरं माझ्यापुढे ठेवली. आज कुणी बायकांच्या नावानिशी असं रजिस्टर एखाद्या विद्यार्थिनीला उघडून दिलं तर पहिली हरकत मीच घेईन. तेव्हा ते कुणाच्या मनातही आलं नाही. रजिस्टरात नाव, वय, पत्ता, दिवस, वेळ, मुलगा की मुलगी, आणि बाळाचं वजन. कितवं बाळंतपण ते केसपेपरवर असायचं, आणि केसपेपर बाळंतीण घरी जाताना बरोबर न्यायची. मी पत्त्याच्या रकान्यावरून बायकांचे दोन गट केले, सांगलीतल्या आणि खेड्यातल्या, आणि वजनांच्या सरासऱ्या काढल्या. सांगलीतल्या बायकांची बाळं हलकी निघाली. मी पुन्हा गणित केलं. पुन्हा हलकी.

माझ्या अंगात वारं शिरलं. शेतात राबणारी, भाकरी खाणारी बाई वजनदार बाळाला जन्म देते आणि शहरातली बसून खाणारी बाई हलक्या, हे मी सात पानांत इंग्रजीत लिहून काढलं. सरांनी पाठ थोपटली आणि शिफारशीचं पत्र दिलं. डॉक्टरमामा म्हणाले, "आता माझ्या पेशंटांना खुरपायला पाठवतो." अप्पांनी निबंधातली इंग्रजी तपासून दोन ठिकाणी स्वल्पविराम हलवले, आणि टंकलेखकाकडून स्वच्छ प्रत आली. अर्ज पोचायच्या शेवटच्या तारखेला चांगले दहाबारा दिवस होते. सगळं माझ्या स्वभावाप्रमाणे वेळेआधी, नीट.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी खाली आत्याला चहा द्यायला गेले. टेबलासमोर एक अवघडलेली मुलगी भिंतीला धरून उभी होती आणि तिचे वडील आत्याला पत्ता सांगत होते. सांगलीतलीच पेठ, सांगलीतलाच बोळ. आत्याने लिहून घेतलं. तेवढ्यात शेवंताबाई मुलीला आत न्यायला आल्या. शेवंताबाई मूळच्या कडेगावकडच्या. सुईणपण त्या आपल्या आईच्या हाताखाली शिकल्या होत्या, आणि अवघड वेळ आली की डॉक्टरमामा आधी त्यांच्या तोंडाकडे बघत. त्या मुलीला म्हणाल्या, "चला बाय. रहिमतपुरास्नं कवा आलीस? सातव्यातच आणली का न्हाई बापानं?"

मी आत्याला म्हटलं, "रहिमतपूर? आत्ता तर सांगली लिहिलंस."

"बापाचा पत्ता लिहिला. तिला रहिमतपूरला दिलीय."

"पण राहते कुठं ती?"

"राहीना का कुठंही. जो घेऊन आला त्याचा पत्ता. बिल काय रहिमतपूरला पाठवू?"

मी चहा रजिस्टराशेजारी ठेवला. शेवंताबाई दारातून वळून बघत होत्या. मुलीला खाटेवर बसवून त्या परत आल्या आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "आवं ताई, तुमी त्या वहीवरनं कायतरी लिवताय म्हणं. ह्या सांगलीवाल्या निम्म्या सांगलीच्या न्हाईतच की. पैलटकरीण बापाच्या घरी येती. सासर कुठंबी असूंद्या."

"आणि खेड्यातल्या?"

"खेड्यातल्या पैलटकरणी हितं कशाला येत्यात? त्या त्यांच्या आयेकडं, गावातल्या सुईणीच्या हाताखाली. हितं येत्यात त्या तिसऱ्या-चवथ्या खेपंला, नवऱ्यासंगं. बाळतपन बी हुतंय आन् लगोलग ऑपरेशन बी." मग माझा चेहरा बघून, "का वं? काय इपरीत बोलले का मी?"

पहिलं मूल बहुतेक वेळा पुढच्या भावंडांपेक्षा थोडं हलकं असतं, हे डॉक्टरमामांच्या कुठल्याही पुस्तकात होतं. म्हणजे मी शहर आणि खेडं यांची तुलना केलीच नव्हती. मी पहिलटकरणींची तुलना लेकुरवाळ्यांशी केली होती आणि त्यातून शेतीची थोरवी काढली होती. तुम्ही तिकडे परदेशात वाढलात, तुम्हाला ही चूक झाली असती तर समजण्यासारखं होतं. पण माझ्या सगळ्या चुलतबहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. त्यांच्यासाठी मी डिंकाचे लाडू वळले होते. मी स्वतः आईच्या माहेरी जन्मले होते. इतकं सगळं माहीत असून रकान्यावर 'पत्ता' असं लिहिलेलं वाचलं आणि मला वाटलं, इथे बाई राहते.

दोन दिवस असेच गेले. जेवायला बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जावं ते समजत नसे. टाइप केलेली सात पानं टेबलावर होती. ती पाहिली की चांगली दिसत, आणि चांगली दिसत म्हणूनच मला तिथे बसवेना. तिसऱ्या दिवशी अप्पा पाकीट पोस्टात टाकायला म्हणून मुद्दाम साताऱ्याहून आले. त्यांना शुभ काम स्वतःच्या हाताने करायची आवड.

"अप्पा, निबंध चुकलाय."

"किती चुकलाय?"

"सगळा."

"इंग्रजी?"

"इंग्रजी बरोबर आहे."

"मग?"

मी सांगितलं. आत्या मध्येच म्हणाली, "म्हणजे माझं रजिस्टर खोटं, असं म्हण की सरळ," आणि दुधाची पातेली आदळत आत गेली. अप्पा बराच वेळ पाकिटाचा कोपरा टेबलावर ठोकत राहिले. "सरांची शिफारस झाली. टायपिंग झालं. तिकडच्या लोकांना कुणाचं सासर कुठलं ते कुठून कळणार?"

"त्यांना नाही कळणार."

"मग पाठव."

"मला कळलंय ना, अप्पा."

ते उठले. चप्पल घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "अट एकच होती. तारीख चुकली तर ती मी लांबवणार नाही." आणि दुपारच्या एसटीने ते परत गेले. न जेवता गेले, म्हणून आत्या माझ्याशी आणखी दोन दिवस बोलली नाही.

पुढचे दिवस मी शेवंताबाईंच्या मागे मागे हिंडले. त्या मागच्या ओट्यावर कापसाचे बोळे वळायला बसत, मी रजिस्टर मांडीवर घेऊन एकेक नाव वाचे, आणि त्या सांगत. "ती? ती उंच, घाऱ्या डोळ्यांची. सासर कडेगाव. पैलीच खेप, दोन दीस अडली हुती." किंवा, "ही चवथी. नवरा भाईर बिड्या वढत बसला हुता, पोरगं झालं म्हणून सांगितलं तर उठंचना." त्यांची आठवण पाहून मी थक्क होत होते. सासर, खेप, कोण कुणाशी भांडलं, सगळं. पण सगळ्याजणी त्यांना आठवत नव्हत्या. बऱ्याच नावांवर त्या मान हलवत आणि दुसरा कापूस घेत. ती नावं मी पेन्सिलीने खोडली. सगळं पुन्हा मांडल्यावर पहिलटकरणी पहिलटकरणींसमोर ठेवल्या, आणि शहर-खेडं हा फरक विरघळून गेला. माझ्या हातात काहीच उरलं नाही. मग मी तेच लिहिलं. आधी मला काय वाटलं होतं, ते कसं चुकीचं होतं, मला ते कुणी दाखवलं, आणि आता काय दिसतं: काही नाही. टंकलेखक सुट्टीवर होता, म्हणून पानं हाताने लिहिली. जो अर्ज शेवटच्या तारखेला तिथे पोहोचायला हवा होता, तो मी त्या तारखेला सांगलीच्या पोस्टात टाकला. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, "लांब आहे. घाई आहे का?" मी म्हटलं, "होती."

परीक्षा आटोपून मी साताऱ्याला आले. कोनाड्यात बी.एड.चा अर्ज आणून ठेवलेला होता. रोज केर काढताना आई तो उचलून खालची धूळ पुसायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. उन्हाळा होता. आईने मला सांडगे घालायला बसवलं, पापड लाटायला बसवलं, तूर निवडायला बसवलं. मी बसत नव्हते. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर वाजली की मी पिठाच्या हातांनी दारात जायची. आई म्हणायची, "अगं, तुझ्या पायाला भिंगरी लावलीय का? दिवसातून तो एकदाच येतो. तू दहादा का जातेस?" काहीतरी होऊ दे, नकार तरी येऊ दे, असं मला झालं होतं. वाट बघण्यापेक्षा नकार बरा वाटायला लागतो, तनया, हे तुला आता कळत असेल.

आलं ते जाड पाकीट. माझाच अर्ज परत आला होता. वर छापील चिठ्ठी: मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार करता येत नाही. अप्पा घरीच होते, शाळेला सुट्टी होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मी पानं उचलून आत जायला लागले तेव्हा ते म्हणाले, "आण इकडे ते. मी हे वाचलेलंच नाही." खरंच होतं. हा दुसरा निबंध त्यांनी पाहिलाच नव्हता.

ते खुर्चीत बसून सावकाश वाचत गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पाचव्या पानावर त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हे कुणी लिहिलंय?"

समासात, बारीक पेन्सिलीने, अनोळखी इंग्रजी अक्षरात एक ओळ होती. माझं वाक्य असं होतं: 'ज्या बायका सुईणीला आठवल्या नाहीत, त्या वगळल्या आहेत.' त्याखाली एक बारीक रेघ ओढून बाजूला कुणीतरी विचारलं होतं, 'या कोण होत्या?'

अप्पांनी ते दोनदा वाचलं. मग मागचीपुढची पानं उलटून पाहिली. दुसरी कुठलीच खूण नव्हती. "मी तीस वर्षं वह्या तपासतोय," ते म्हणाले. "बरोबर असेल तिथे बरोबरची खूण करतो, चूक असेल तिथे फुली मारतो. समासात प्रश्न कधी लिहीत नाही. प्रश्न लिहिला की ती वही परत बघायची तयारी ठेवावी लागते." त्यांनी पुन्हा पाचवं पान काढलं. "नाकारायचाच होता तर ह्या माणसानं पाचव्या पानापर्यंत वाचलं कशाला?"

"मला काय माहीत, अप्पा."

"बरं, कोण होत्या?"

"कोण?"

"ह्या. वगळलेल्या."

मी नुसती खोडली होती ती नावं. माझा कागद स्वच्छ दिसावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं सांगलीला गेलो. अप्पांनी कारण सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. तिने फक्त दशम्या बांधून दिल्या. बसमध्ये मी खिडकीशी बसून ते प्रश्नाचं पान दहा वेळा उघडलं असेल. प्रसूतिगृहात पोहोचलो तेव्हा शेवंताबाई मागे दोरीवर दुपटी वाळत घालत होत्या. मी पाया पडले आणि तिथेच विचारलं, "शेवंताबाई, तुम्हाला ज्या आठवल्या नाहीत, त्या कोण होत्या?"

"आता ह्ये काय इचारनं झालं? आठवत न्हाईत म्हनल्यावर?"

"तरीपण. कशा बायका तुम्हाला आठवत नाहीत?"

त्यांनी ओलं दुपटं झटकलं, पाणी अप्पांच्या सदऱ्यावर उडालं, आणि त्या हसल्या. "आवं ताई, ज्यांनी काय तरास दिला न्हाई त्या. आल्या, मोकळ्या झाल्या, लेकरू घिऊन गेल्या. त्यांस्नी कोन ध्येनात ठिवतंय? जी अडली, जिचं रगत थांबंना, ती मातूर मी मरूस्तवर इसरायची न्हाई."

म्हणजे माझ्या दुसऱ्या निबंधात बहुतेक अडलेल्याच होत्या. ज्यांचं सुखरूप झालं त्या साऱ्या मी पेन्सिलीने पुसून टाकल्या होत्या. दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा निम्म्या बायका मला दिसल्याच नाहीत.

अप्पा ओट्यावर बसले. बसायच्या आधी धोतर झटकायची त्यांची सवय, तीही ते विसरले. "मग त्या आता सापडायच्या कशा?" त्यांनी शेवंताबाईंना विचारलं. माझ्या अभ्यासाबद्दल अप्पांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

"बापाचं पत्तं हायती की वहीत. जावा न् इचारा, लेक कुठं दिली. माहेरची मानसं सांगत्यात. चा बी देत्यात."

आत्या जिन्यात येऊन उभी होती. अप्पांनी तिच्याकडे हात केला. तिने एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढून रजिस्टरांचं कपाट उघडलं. अप्पांनी खिशातून ती छापील चिठ्ठी काढली, तिची मागची कोरी बाजू वर करून गुडघ्यावर ठेवली आणि पेनाचं टोपण उघडलं.

"वाच," ते मला म्हणाले. "आधी सांगलीतल्या घे. शाळा उघडायला अजून पाच आठवडे आहेत."